चव घेणारीच्या पोटावरची मी

मी चरबी बोलतेय. दमलेय, म्हणून जरा हळूच बोलते. एका कँटीनमधल्या स्वयंपाकीणबाईंच्या पोटावर माझा मुक्काम. पहिल्या बाळंतपणापासून आमची सोबत आहे, पण नावडतीचं मीठ अळणी! आरशासमोर उभ्या राहिल्या की मला चिमटीत धरून म्हणतात, "कधी जाणार गं तू?"

लोकांना वाटतं, मी नुसती बसून असते. अहो, मला घडीचा विसावा नाही. घास पोटात गेला की इन्सुलिन दाराशी हजर. "साठव, आणि वर कळव!" मग मी साठवते आणि लेप्टिन नावाचं प्रथिन रक्तात सोडते. ते मेंदूला सांगतं, कोठार भरलंय, आता पुरे. अ‍ॅड्रेनालिन आलं की उलटा हुकूम: दार उघड, माल बाहेर काढ, निरोप आवर. मी बापडी हुकमाची ताबेदार. पण इतकी वर्षं निरोप धाडून धाडून मेंदू ऐकेनासाच झाला. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा बाईंच्या धाकट्या भावाचं यकृत निकामी झालं. आपल्या यकृताचा तुकडा द्यायला बाई एका पायावर तयार. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "तुमच्याच यकृतात चरबी साचलीय. ती उतरल्याशिवाय घेता येणार नाही. आणि त्याच्याकडे फार वेळ नाही." यकृतातली ती माझीच भावंडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी जेवण सोडलं. तरी मी हलेना.

"ताई, खरं सांग, काय खातेस?" भावाने अंथरुणावरून विचारलं.

"शप्पथ, काही नाही रे! नुसती चव घेते."

"तुझी चव म्हणजे माझं जेवण," तो हसला.

खरंच होतं ते. सकाळपासून प्रत्येक पातेल्यातला एक चमचा, गोडाच्या पातेल्यातले दोन. दर चमच्याला इन्सुलिन दारात. मी दार उघडणार कधी?

दुसऱ्या दिवशी बाईंनी चवीचा चमचा सोबत रांधणाऱ्या जोडीदारणीच्या हाती दिला आणि भांडी घासायच्या मोरीपाशी जाऊन रडल्या. आजवर त्या कँटीनचं मीठ त्यांच्या जिभेने ठरवलं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी आखून दिलेलं जेवण त्या वेळेवर जेवू लागल्या. इन्सुलिनच्या फेऱ्या कमी झाल्या आणि मी दार उघडलं. आठवड्यागणिक मी आटत गेले, तसं लेप्टिनही आटलं. कोठार भरलेलं असताना बहिरा झालेला मेंदू आता मात्र 'भूक, भूक' करून उठला! माझ्यामुळे बाई कळवळायच्या, आणि मला काही करता यायचं नाही.

काल तपासणी झाली. यकृत निवळलंय. उद्या दोघांची शस्त्रक्रिया.

"भूक लागलीय का गं?" शेजारच्या खाटेवरून भावाने विचारलं.

"मरणाची," बाई म्हणाल्या, आणि दोघं हसत सुटले.

उद्या बाईंना उपाशीपोटी आत नेतील. शुद्धीवर आल्यावरही घास लगेच मिळायचा नाही. बाई गं, मी थोडीशीच उरलेय आणि फार थकलेय. पण जेवढी आहे तेवढी तुझीच. लागेल तेवढं घे.