मास्तरांनी केलेला बिघाड

त्यांना आख्खी वस्ती मास्तर म्हणायची, पण शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी टीव्ही आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. हा धंदा असा, की पाठीमागचं झाकण उघडलं की गिऱ्हाइकाला आतलं काहीच कळत नाही. खोटं बोलायचं ठरवलं तर रान मोकळं. पण मास्तरांनी कधी चांगला भाग खराब म्हणून बदलला नाही. "काही झालेलं नाही, वायर सैल होती, जा घेऊन," असं ऐकून सेट परत नेणारी माणसं पुढे दहा जणांना सांगायची. म्हणून ते मास्तर. एखाद्याचं यंत्र त्यांनी 'गेलं' म्हटलं, की तो माणूस दुसरीकडे विचारायला जातच नसे.

साठी उलटल्यावर त्यांनी दुकान चिमटीच्या हवाली केलं. ही त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेली बाई. आता चाळिशी ओलांडलेली, पण केसांत खोवलेला कामाचा बारीक चिमटा काही सुटला नव्हता, आणि नावही त्यामुळेच पडलेलं.

घरी उरले मास्तर आणि त्यांची बायको. मुलाला लांबच्या गावी नोकरी लागली, तेव्हा जाताना तो म्हणाला, "बाबा, आईला नवा टीव्ही घेऊन देतो. आपल्या टीव्हीला इंटरनेट जोडता येत नाही."

"मी जिवंत असेपर्यंत या घरात दुसरा टीव्ही यायचा नाही," मास्तर म्हणाले. "हा चौदा वर्षं चालतोय. मला विचारून बंद पडतो तो."

तेव्हा मुलाने दुसरी वाट काढली. त्याचा गेम खेळायचा कन्सोल होता, काळा, जाडजूड पुस्तकाएवढा. तो त्याने जुन्या टीव्हीला जोडला, त्यातले गेम काढून टाकले आणि व्हिडिओ दाखवणारी ॲप घातली. "आई, हा आता खेळायचा डबा नाही. इंटरनेट याच्यात येणार आणि चित्र टीव्हीवर दिसणार. मालिका, पिक्चर, पाहिजे ते बघ." दोन दुपारी बसून त्याने तिला शिकवलं. दोन्ही हातांत धरायच्या त्या बटणांच्या वस्तूला तिने 'खेकडा' म्हणायला सुरुवात केली. मास्तर वर्तमानपत्राआडून म्हणाले, "म्हातारपणी खेळणी!"

मुलगा गेला आणि बायको त्या डब्याच्या नादी लागली. दुपारची भांडी आवरली की खुर्ची टीव्हीच्या पार नाकाशी ओढायची, खेकडा मांडीवर घ्यायचा, की झालं. मास्तर मागून काही म्हणाले तर उत्तर नाही. पुन्हा म्हणाले तरी नाही. तिसऱ्यांदा ओरडले की ती दचकून वळायची.

"काही म्हणालात का?"

"छे! भिंतीशी बोलत होतो."

तेवढ्यावर भागलं असतं. पण तिला त्या डब्यात एक माणूस सापडला. पांढऱ्या दाढीचा, गळ्यात चामड्याचा एप्रन घातलेला, जुने रेडिओ उघडून दुरुस्त करणारा. त्याचे व्हिडिओ ती एकामागून एक बघायला लागली. एके दिवशी मास्तर चहाचा कप घेऊन मागे उभे असताना ती न वळताच म्हणाली, "किती छान सांगतो हो हा! याचं मला सगळं कळतं. तुमचं मेलं कधी काही कळलंच नाही."

मास्तरांनी कप तसाच खाली ठेवला. छत्तीस वर्षं हातांना चटके घेतले, तेव्हा या बाईने कधी विचारलं नाही की आज काय दुरुस्त केलंत. आणि आता कुठल्या तरी दाढीवाल्याचं कौतुक! सांगायला लाज वाटेल असं काहीतरी त्या दिवशी मास्तरांच्या मनात शिरलं.

मंगळवारी ती बहिणीकडे गेली. मास्तरांनी खिडकी लावून घेतली. डबा मेजावर घेतला, पालथा केला, स्क्रू काढले. आत वीजपुरवठ्याच्या भागातून मुख्य बोर्डाकडे जाणाऱ्या वायरची एक पिन होती, कुलूपपट्टीने घट्ट अडकणारी. ती नखाने दाबून त्यांनी उपसली आणि झाकण लावलं. दोन मिनिटांचं काम. स्क्रूवर ओरखडासुद्धा नाही. हात सराईत होते, त्यांना काय, ते सांगितलेलं करतात.

संध्याकाळी तिने बटण दाबलं. दिवा लागला नाही. "अहो, बघता का जरा?"

मास्तरांनी चष्मा लावला. तिच्यादेखत डबा उघडला, उजेडात धरला, नाक लावून वासही घेतला. एवढं नाटक त्यांना जमेल असं त्यांनाच वाटलं नव्हतं. "बोर्ड जळलाय. याचे भाग मिळत नाहीत."

"तुम्ही म्हणताय म्हणजे गेलाच," ती म्हणाली. ना चौकशी, ना कुरकुर. तिने डबा ओल्या फडक्याने पुसला आणि वर कपडा टाकला, आजारी माणसाला पांघरूण घालावं तसा. तिने भांडण केलं असतं तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

त्यांना वाटलं होतं, आता ती आपल्याशी बोलेल. दुपारी ती समोर बसायची खरी, पण हात मांडीवर आणि नजर कुठेतरी. त्यांनी सांगितलं, जिन्यातला दिवा पुन्हा गेला. ती हसून म्हणाली, "बरं झालं." त्यांनी विचारलं, मुलाचा फोन आला होता का. ती म्हणाली, "ठेवलाय की ओट्यावर." मास्तर मनात म्हणाले, राग काढतेय. मुद्दाम करतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

नवव्या दिवशी तिने डबा पिशवीत घातला. "चिमटीकडे नेते."

"कशाला? मी सांगितलं ना!"

"तुमच्यावर शंका नाही हो. पण तिच्याकडे मोडीतले डबे येतात. एखादा भाग निघाला तर निघाला."

तिला एकटीला पाठवायची हिंमत नव्हती आणि सोबत जायचीही नव्हती. मास्तर चपला घालून मागोमाग निघाले.

चिमटी हातातलं काम सोडून उठली. "मास्तरांनी बघितलंय ना काकू? मग मी काय दिवे लावणार त्यात?" असं हसत म्हणत तिने झाकण उघडलं.

पिन खोबणीशेजारी आडवी पडलेली होती.

कुलूपपट्टीची पिन आपोआप निघत नाही. निघालेली दिसली तर समजायचं, कुणाचा तरी हात लागलाय. हे तिला शिकवलं होतं मास्तरांनीच, याच टेबलावर. चिमटीने मान वर केली आणि एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपल्या हाताने काहीतरी फुटलं असावं तशी ती गोंधळून गेली होती. मग तिने मान खाली घातली, केसांतला चिमटा काढला, उगीचच दोन-चार ठिकाणी टोचला, ब्रशने धूळ झाडली, पाच मिनिटं काढली. आणि म्हणाली, "काकू, मास्तरांचं बरोबर होतं. बोर्डावरचा एक भाग जळला होता. माझ्याकडे होता, टाकलाय."

धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं असं मास्तरांना झालं. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांनी तिला दिलेला पहिला धडा. अकरा वर्षं आणि त्यानंतरची सगळी वर्षं तिने तो पाळला होता. आज मोडला, तो त्यांचं तोंड झाकायला.

चिमटीने डबा तपासणीच्या छोट्या पडद्याला जोडला. चित्र आलं. बायकोचा चेहरा खुलला. तिने खेकडा हातात घेतला, दाढीवाल्याला शोधून काढलं आणि दुकानातल्या स्टुलावर बसून बघायला लागली. मध्येच खुदकन हसली.

"काकू, या पडद्याला स्पीकर नाही हं," चिमटी म्हणाली. "आवाज घरी गेल्यावर येईल."

बायको हलली नाही. चिमटीने पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. काही नाही. शेवटी तिने खांद्याला हात लावला.

"काय गं?"

"आवाज येत नाहीये म्हटलं."

"असू दे की. खाली अक्षरं येतात ना," ती सहज बोलून गेली. आणि आपण काय बोललो ते कळून तिचा चेहरा पडला. चोरून काही खाताना पकडलं जावं तसा तिने खेकडा पटकन खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

पुसायला काही नव्हतंच.

चिमटीने डबा पडद्यापासून सोडवला. डबा पिशवीत गेला. रस्ताभर ती एक पाऊल पुढे आणि मास्तर मागे. बरं झालं. फोन ओट्यावर ठेवलाय. भिंतीशी बोलत होतो. एकेक वाक्य त्यांच्यासमोर येऊन उभं राहत होतं. शेजारच्या खोलीत टीव्ही लावला तरी नुसत्या गुणगुणीवरून कुठला भाग जातोय हे ते सांगायचे. आणि एका छपराखाली, चार हातांवर बसलेल्या बाईचं त्यांना कळलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं. त्यांना वाटलं, ती आपला अपमान करतेय. म्हणून तिला कळणारी एकुलती एक जागा त्यांनी नखाने उपसून टाकली.

घरी येऊन ती पाणी प्यायला गेली. मास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "ती पिन मीच काढली होती."

"काही म्हणालात का?"

"डबा बिघडला नव्हता."

"अहो, नीट बोला ना. काय पुटपुटताय?"

तेव्हा ते वळले. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि छातीतून जेवढा निघेल तेवढ्या आवाजात बोलले. "डबा बिघडला नव्हता! मी बिघडवला! मुद्दाम! तुझ्याशी खोटं बोललो!"

खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत सतरंजी झटकणारी बाई हात थांबवून बघायला लागली. वरच्या मजल्यावर कुणाची तरी खुर्ची सरकली. ज्या वस्तीने मास्तर म्हटलं, तिने हे ऐकलं. मास्तरांनी खिडकी लावली नाही.

ती खुर्चीवर बसली. "का?"

"तू माझ्याशी बोलत नव्हतीस."

तिने मांडीवरचे हात एकमेकांत गुंफले. मग बोलली ते इतकं हळू, की ऐकायला त्यांना वाकावं लागलं. "मला ऐकू येत नाही हो. दीड वर्ष झालं. आधी वाटलं, सर्दी असेल. मग सांगायची लाज वाटायला लागली. डब्यात अक्षरं येतात तर वाटलं, कुणाला कळायचं नाही, जाईल असंच." आणि एकदम तिचा आवाज चढला. "पण मी लपवलं. तुम्ही फसवलंत. त्यात फरक आहे. आणि त्या पोरीलाही खोटं बोलायला लावलंत."

"तुला कळलं होतं?"

"हल्ली मी माणसांची तोंडं बघते. दुसरं काय करणार? ती खोटं बोलतेय एवढं कळलं. कशासाठी ते कळलं नव्हतं."

मास्तरांनी दुसरी खुर्ची ओढली. माफ कर, असं ते म्हणाले, समोर बसून, स्पष्ट. तिने ऐकलं, पण हो किंवा नाही म्हटलं नाही. उठून डबा टीव्हीला जोडायला गेली. ते मदतीला पुढे झाले, तर म्हणाली, "राहू दे. मला येतं."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले.

"काल तू माझ्यासाठी खोटं बोललीस."

"सोडा हो मास्तर."

"मी तिला खरं सांगितलं. तू पुन्हा असं खोटं बोलू नकोस. माझ्यासाठी तर नकोच."

चिमटीने सोल्डरची काडी खाली ठेवली. "तुमच्याकडे बघवलं नाही मला," ती म्हणाली. "एवढंच." मग तिने चहा मागवला आणि दोघांनी तो प्यायला. पूर्वी एखादा अवघड सेट आला की ती त्यांना बोलावून घ्यायची. त्यानंतर दोन महिने बोलावणं आलं नाही. ती त्यांना टाळत होती की सांभाळून घेत होती, हे विचारायचं तोंड मास्तरांना उरलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरकडे बायको पहिल्यांदा बहिणीला घेऊन गेली. "मी येऊ?" असं त्यांनी विचारलं, तर "नको" म्हणाली. दुसऱ्या खेपेलाही नको. मास्तर घरी बसून वाट बघायचे आणि ती आली की न विचारता पाणी द्यायचे. तिसऱ्या खेपेला, मशीन बसवायच्या दिवशी, ती दारात थांबली. "बसलाय काय? चला."

डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या. "ऐकू कमी येतंय हे घरात पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?"

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेणं सोपं होतं.

"घरात कुणाच्या नाही," मास्तर म्हणाले. "दुकानातल्या बाईच्या आलं. मी रोज समोर असून माझ्या नाही आलं."

बाईंनी मान वर न करता ते लिहून घेतलं. मग मशीन कानात बसवलं, कसं काढायचं, कसं पुसायचं ते दाखवलं आणि सांगितलं, डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे, बोलताना त्या बाजूला राहत जा.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मास्तर काही न बोलता तिच्या मागून वळसा घालून डावीकडे आले. गाड्यांच्या एवढ्या गलक्याने ती कपाळाला आठ्या घालून चालत होती.

"इकडून गाड्या येतात," ती म्हणाली. "जरा आत चला."