सुचिताची टेस्ट

माझी बायको सुचिता गेली, पण तिची टेस्ट ऑफिसात अजून रोज चालते. रबाळ्याच्या कंपनीत आम्ही दोघं एकाच टीममध्ये होतो. डायलिसिसची वेळ पेशंटला घरून घेता येईल अशी वेबसाइट बनवत होतो. कोडमध्ये काही बदललं की तिची टेस्ट, म्हणजे तिने लिहिलेला तपासणीचा छोटा प्रोग्राम, पेशंटसारखी 'वेळ घ्या' हे बटण पटापट दोनदा दाबून बघते. वेळ नीट मिळाली तर हिरवी, नाहीतर लाल.

ती मधूनच लाल व्हायची. मग आम्ही सगळे एकच करायचो. परत चालवायचो. हिरवी झाली की पुढे.

आज आमचा मॅनेजर हितेश म्हणाला, "कान्हा, ती टेस्ट काढून टाक ना यार. उद्या साइट चालू करायचीय, हिचं नाटक संपत नाही."

"ती काहीतरी सांगतेय."

"टेस्ट सांगतेय की सुचिता?" बोलून गेल्यावर त्याने मान खाली घातली. "सॉरी. संध्याकाळपर्यंत बघ. मग मी काढतो."

जेवलो नाही. टेस्ट चालवत बसलो. हिरवी. परत हिरवी. लाल हो गं बाई, म्हणून हात जोडले. शेवटी सर्व्हरचं उत्तर मुद्दाम उशिरा येईल असं केलं. लाल. मग दर वेळी लाल.

उत्तर येईपर्यंत बटण चालूच राहत होतं. पेशंटने घाबरून पुन्हा दाबलं की घेतलेली वेळ रद्द, आणि स्क्रीनवर मात्र 'वेळ मिळाली'. माणूस सेंटरवर जाणार आणि मशीनवर दुसराच कोणी.

"हितेश, सापडलं!"

तो धावत आला. "कोणाचा घोळ आहे हा?"

कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. मी ते उघडलं. सुचिता. तारीख केमोच्या दिवसांतली. मी नको म्हणत असतानाही ती हॉस्पिटलात लॅपटॉप घेऊन बसायची. टेस्टही तिची, चूकही तिचीच.

हितेश हळूच म्हणाला, "सरक, मी बदलतो."

"नको."

तिच्या ओळी मीच पुसल्या. पहिल्यांदा दाबताच बटण बंद होईल असं लिहिलं. टेस्ट हिरवी झाली. हितेश माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. त्या ओळींशेजारी आता माझं नाव होतं.

मग मी बाकीच्या फाइलींत तिचं नाव शोधू लागलो. तिथे चूक निघू नये असं वाटत होतं. तरी एकेक ओळ तपासत राहिलो. उद्यापासून पेशंट बटण दाबणार होते.