मुकट्याची उशी

वासुदेवरावांनी खिरीतून केस ओढायला घेतला तेव्हा तो लगेच संपेल असं सगळ्यांनाच वाटलं. तो संपेना. ते चिमूट वर नेत राहिले आणि केस नावेच्या दोरासारखा येतच राहिला. हात डोक्याच्या वर गेला तेव्हा कुठे दुसरं टोक वाटीतून निघालं. त्याला एक चारोळी चिकटलेली होती.

"बराच आहे," वासुदेवराव म्हणाले. सभ्य माणूस. वडिलांच्या श्राद्धासाठी मिरजेहून काशीला आलेले, आमच्याकडेच उतरलेले. इथून गयेला जाऊन अमावास्येला परत येणार होते.

घरात एवढा लांब केस एकाच माणसाचा असू शकतो. आईचे खांद्यापर्यंत आहेत, शरदिनीआत्याचे तिच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी होते, बाबांची शेंडी करंगळीएवढी. माझे कमरेच्या खाली. त्यामुळे तपास वगैरे झाला नाही. सगळ्या माना नुसत्या माझ्याकडे वळल्या.

दुर्गाघाटावर पिढ्यान् पिढ्या उपाध्येपण करणारं घर, पितृपक्ष, आणि श्राद्धाच्या खिरीत केस. स्वयंपाक टाकून पुन्हा करावा लागला. बाबांनी आधी सगळ्यांची जेवणं उरकली. मग म्हणाले, "विशू, हे कापायचे."

"नाही कापणार."

"तबला सोडलास. बी.कॉम. सोडलंस. जपानी सोडलंस."

"जपानीचे सरच जपानला गेले, बाबा."

"जे आपोआप वाढतं तेवढंच तुझ्याकडून होतं. नखं आणि केस."

हे मला लागलं. बारावीनंतर मी धरलेली एकूण एक गोष्ट सुटली होती, ही एक टिकली होती. आणि तीही आपोआप? शाम्पू, तेल, दुभंगलेले शेंडे, आजूबाजूचे शेरे, हे सगळं आपोआप?

"सर्वपित्री अमावास्येपर्यंत थांबा," मी म्हणालो. "तोवर ताटात एक जरी केस निघाला तर मी स्वतः घाटावर जाऊन बसतो." काशीत न्हावी शोधावा लागत नाही. तोच तुम्हाला शोधतो.

"आणि नाही निघाला तर?"

"तर आपोआप म्हणायचं नाही."

बाबांनी चष्मा पुसला. "निघेल," ते म्हणाले.

पहिल्यांदा मी ब्रह्माघाटावरच्या अवनीला फोन केला. ही माझी मावसबहीण. तिचे केस माझ्यापेक्षा आखूड आहेत, पण ते ती फार गांभीर्याने घेते.

"झोपतोस कसा?"

"आडवा."

"अरे यार, केस कसे असतात झोपताना? खुले?"

"खुले. रात्री धुतो, मग तसेच."

"ओले? आणि उशीचा अभ्रा?"

"सुती. आई कांजी घालते. कडक असतो, पापडासारखा."

मग अवनी म्हणाली, "विशूदादा, तू केस सांभाळतोयस की त्यांच्याशी बदला घेतोयस?"

तिचं म्हणणं असं की केस दिवसा तुटतच नाहीत. तुटतात ते झोपेत. रात्रभर आपण कूस बदलतो, ओला केस कच्चा असतो, कडक अभ्र्यावर घासतो, गुंता होतो, सकाळी आपण तो कंगव्याने तोडतो, आणि मग तुटलेला केस वरच्या मजल्यावरून चौकात उतरतो. चौकाच्या एका बाजूला आमचं स्वयंपाकघर. हे ऐकल्यावर मला त्या केसाचा अख्खा प्रवास दिसला, चारोळीसकट.

उपाय तिने तीन सांगितले. वाळवूनच झोपायचं, शेंड्यांना थोडं खोबरेल लावून. सैल वेणी घालायची. आणि डोकं रेशमावर ठेवायचं, कारण रेशमावरून केस घसरतो, अडकत नाही.

वाळवणं आणि खोबरेल जमलं. वेणी मला येत नव्हती. स्वतःच्या डोक्यामागे हात नेऊन शिकणं म्हणजे आंधळेपणी जानवं बदलणं. समोर काहीतरी हवं होतं. आमच्या दारात एक सांड बसतो. गल्लीतले लोक त्याला प्रधानजी म्हणतात, कारण तो उठत नाही आणि सगळ्यांना वळसा घालून जावं लागतं. त्याचं शेपूट लांब, झुपकेदार आणि बेवारस होतं. मी रोज पायरीवर बसून त्यावर सराव करू लागलो. प्रधानजींनी हरकत घेतली नाही. पहिल्या वेण्या वाईट होत्या, पण नंतरची इतकी सुबक झाली की सोडवेना. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिला लाल नायलॉनची रिबीन बांधली. तिसऱ्या दिवशी शिंगांना झेंडूची माळ. मग मुन्शी घाटाकडून दोन बायका खास दर्शनाला आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "ये कौन-से बाबा हैं?" मी सांगितलं की नुकतेच प्रकट झालेत.

रेशमाचं अवघड गेलं. शहरभर रेशीम विणतात आणि मी गल्लीतून 'प्योर सिल्क' म्हणून आणलेला अभ्रा नायलॉनचा निघाला. सकाळी उठलो तर सगळे केस चहूदिशांना उभे. आई पूजेचं तबक घेऊन चालली होती. तिने आधी हात जोडले, मग मला ओळखलं.

तेव्हा मला मुकटा आठवला. बाबांचा जुना मुकटा, सोवळ्यात नेसायचं जाड रेशीम, होमाच्या ठिणग्यांनी भोकं पडलेला. हल्ली बाबा पीतांबर नेसत. मुकटा देवघराबाहेरच्या खुंटीवर निवृत्त झाला होता, निदान मला तसं वाटलं. कापायचं धाडस झालं नाही. उशीला गुंडाळला आणि टाचण्या लावल्या. सोवळ्याची वस्तू म्हणून मी आंघोळ करूनच झोपू लागलो. लोक सकाळी देवासाठी न्हातात, मी संध्याकाळी उशीसाठी.

पण जमलं. सकाळी वेणी रात्री होती तशीच असायची. कंगवा वरून खाली जायचा, वाटेत कोणाला न भेटता. पक्ष सरत आला आणि ताटात काही निघालं नाही. बाबा रोज भात चिवडून बघत.

अमावास्येच्या पहाटे जाग आली ती बाबा समोर उभे होते म्हणून. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्याखाली बघत होते.

"हा माझा मुकटा आहे."

"निवृत्त झाला होता ना?"

"वर्षातून एकदा नेसतो. सर्वपित्रीला. तुझ्या आजोबांचा आहे तो." मग टाचणीला बोट लावून, "टाचण्या?"

मी काही बोलणार एवढ्यात खालून आईची किंकाळी आली. आम्ही धावलो. आई स्वयंपाकासाठी सोवळ्यात दुधाची चरवी घ्यायला दारात गेली होती. प्रधानजींनी शेपूट फिरवलं, रिबीन आईच्या दंडाला लागली, आई दचकली आणि पायरीवरून घसरली. उजवं मनगट सुजून आलं होतं.

"सांड शिवला तर चालतं," शरदिनीआत्या खुर्चीतून म्हणाली. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत आमच्या घरी तिचा निकाल शेवटचा. "शेपूट पवित्र. रिबीन नाही. रिबीन कुणी बांधली?"

"रिबीन मी नाही बांधली," मी म्हणालो. वेणीबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

"वन्सं, मनगट बघा आधी!" आई ओरडली. "ते वासुदेवराव सकाळच्या गाडीने उतरतायत. खीर कोण ढवळणार?"

बाबांना सकाळभर घाटावर तर्पणाचे यजमान. आत्याचे गुडघे चुलीपुढे बसत नाहीत. आत्याने सगळ्यांकडे क्रमाने पाहिलं आणि माझ्यावर थांबली.

"न्हाऊन झोपलास?"

"हो."

"मुकट्यावर? त्याला कोणी शिवलं?"

"मला कोण शिवणार, आत्या."

"उशीत काय आहे?"

"सावरीचा कापूस."

आत्याने डोळे मिटले. "झाडाचा. म्हणजे फळासारखाच. मुकटा सोवळ्यात आहे, रत्नाकर. रेशमाला धुणं लागत नाही. हा आणखी एकदा न्हाऊन मुकटा नेसेल आणि स्वयंपाक करेल."

"हा?" बाबा म्हणाले. "हे केस घेऊन?"

"शेंडीला गाठ मारतात तशी मार रे, विशू. एवढी मोठी शेंडी काशीत दुसऱ्याची नसेल."

मी वेणी घातली, घट्ट गुंडाळली, तिला गाठ मारली, मुकटा नेसलो आणि चुलीपुढे बसलो. आई उंबऱ्याबाहेरून, मनगटाला फडकं बांधून, हुकूम सोडत होती. "तळाला लागतेय! अरे, गोल नको, आठाच्या आकड्यासारखं! मान मागे घे!" मी मान इतकी मागे घेतली होती की खीर मला दिसतच नव्हती. हात दुखून आला तरी डाव धरला. जायफळ किसताना श्वासही बाजूला सोडला. एकदा कपाळावर काहीतरी वळवळलं. मी थिजलो. घाम होता. तो पातेल्यात पडायच्या आत खांद्याने टिपला.

दुपारी ब्राह्मण जेवले. मग वासुदेवराव बसले. त्यांनी वाटी उजेडाकडे धरली, बोटाने एकदा खालपर्यंत फिरवली, चिमूट करून थोडा वेळ थांबले.

"काही नाही," ते म्हणाले. आवाजात जरा निराशा होती.

"मग काय हवं होतं?" आत्याने विचारलं.

बाबा सगळ्यात शेवटी बसले. चष्मा लावून. पहिली वाटी त्यांनी चमचा चमचा तपासून संपवली. तळ वाकडा करून पाहिला. मग वाटी पुढे केली.

"अजून?" मी म्हणालो.

"बघायला हवं ना."

दुसरीही रिकामी झाली. तिसरी वाढताना मी पातेलं तिरपं करून दाखवलं, म्हणजे आणखी शोध घ्यायला जागा उरली नव्हती. बाबांनी वाटी पुसून खाल्ली, चष्मा काढला आणि माझ्या गाठीकडे पाहिलं.

"रोज करतोस हे सगळं? न्हाणं, वेणी, गुंडाळणं?"

"रोज."

"हं," बाबा म्हणाले. आचमन करून उठले, दोन पावलं गेले आणि वळले. "मुकटा ठेव तू. अमावास्येला तेवढा मला दे. पण त्या टाचण्या काढ, अभ्रा नीट शिवून घे."

"का?"

"केस अडकतात टाचणीत," बाबा म्हणाले. "आणि आधी जाऊन त्या प्रधानजींची रिबीन सोड."