हळदीखालचा नंबर

बंदूक दुकानात आली की मी आधी बंदुकीकडे पाहते, माणसाकडे मागाहून. त्यावरून लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत बापडे. राइट टाउनातलं हे दुरुस्तीचं दुकान वडिलांमागे मीच चालवून राहिले, आणि माझ्या हातून गेलेल्या बंदुकीने अजून कोणाचा डोळा फोडलेला नाही.

नवरात्रात अच्युतराव आले, सोबत त्यांची मुलगी क्षमा. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे खुर्चीवर बसायलाही परवानगी मागितल्याशिवाय बसत नाही. कापडात गुंडाळलेली जुनी फौजी रायफल होती, त्यांच्या वडिलांची. आता वय झालं, तर परवाना क्षमाच्या नावावर करायचा, आणि क्षमा ती क्लबात चालवणार. म्हणाले, सुमेधाताई, नुसतं बघून ठीक आहे एवढं सांगा. नुसतं बघून! मी काय पत्रिका पाहते काय?

आधी रायफल रिकामी आहे ना, ते डोळ्याने पाहिलं, मग बोट घालून पाहिलं. नळीत उजेड धरला. गोळीला फिरकी देणारे आतले आटे झिजलेले, पण शाबूत. घोडा दाबला, दोन टप्प्यांत नीट सुटला. स्प्रिंगा कडक. लाकूड तेल पिऊन काळं पडलेलं, पण कुठे चीर नाही. अच्युतरावांचा चेहरा खुलत चालला. दर खंडेनवमीला पुसून पूजा करतो, ते कौतुकाने सांगू लागले, एकदाही चुकलं नाही. चालवली मात्र वडील गेल्यापासून कधीच नाही.

मग बोल्टवर आले, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या पोलादी खिट्टीवर. काडतुसाच्या मागे बोल्ट किती घट्ट बसतो ते पाहायला माझ्याकडे दोन पोलादी गेज आहेत. एकावर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. पहिल्यावर मिटला. दुसऱ्यावर दांडी हलकेच खाली ढकलली, तर तिथेही मिटला, म्हणजे बोल्ट सैल. मी गेज पुसून पुन्हा घातलं. पुन्हा तेच. बोल्टच्या खुंट्यांना निळी शाई लावून पाहिली. एका बाजूची शाई पुसली गेली, दुसरी जशीच्या तशी. म्हणजे सगळा धक्का एकाच खुंटीवर.

इतकी वर्षं न चाललेली रायफल एवढी सैल होईल कशी? माझं डोकं तिथेच अडकलं. बोल्ट हातात घेऊन उलटा केला. दांडीच्या मुळाशी नंबर असतो, तो दिसेना. तिथे पिवळा-लाल थर बसलेला. हळद, कुंकू, तेल, वर्षानुवर्षांचं. ब्रशने घासला तेव्हा नंबर निघाला. रायफलीच्या अंगावरचा वेगळा, बोल्टवरचा वेगळा.

मी विचारलं, हा बोल्ट कोणाचा?

अच्युतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नंबर वाचला आणि बोल्ट क्षमापुढे सरकवला. तिनेच सांगितलं की आजोबांच्या दोन रायफली होत्या, एकसारख्या. खंडेनवमीला आजी दोन्हींचे बोल्ट काढून एकाच तांब्याच्या ताम्हणात ठेवायची, झेंडूची फुलं वाहायची. आजोबा गेले त्या वर्षी दसऱ्याच्या दिवशीच वाटणी झाली. बोल्ट अजून ताम्हणातच होते; बाबा आणि रामकृष्णकाका ताम्हणापाशी उभे राहून भांडले, हाताला लागला तो बोल्ट प्रत्येकाने उचलला, आणि काका आपली रायफल घेऊन बरगीला शेतावर निघून गेले. तेव्हापासून बोलणं नाही.

मी बोल्ट दिव्याखाली धरला. म्हटलं, अहो, प्रत्येक बोल्ट आपल्या रायफलीला घासून बसवलेला असतो. दिसायला जुळे असले तरी एकाचा जबडा दुसऱ्याच्या तोंडात बसतो का? हिच्यात काडतूस घातलं असतं आणि क्षमाने गाल टेकवून घोडा दाबला असता, तर काडतूस मागे फाटून गरम वाफ सरळ पोरीच्या डोळ्यात.

क्षमाचा हात आपोआप गालाला गेला. अच्युतराव म्हणाले, बरं झालं, आता कोणी चालवणारच नाही.

"आणि तुमचा भाऊ?" मी विचारलं. "तो चालवतो की नाही?"

क्षमाच म्हणाली, चालवतात. मक्यात रानडुकरं शिरली की काका संध्याकाळी बांधावर बसतात. चुलतभाऊ सांगत होता, हल्ली रोजच.

आजवर वाचले ते नुसतं नशीब; मग मात्र माझा पारा चढला. म्हटलं, लावा फोन. अच्युतराव म्हणे, क्षमा लावेल. क्षमाने लावला, काकांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मी माझ्या फोनवरून लावला. उचलला. मी दुकानाचं नाव सांगितलं, रायफलीतला बोल्ट बदललाय म्हटलं, चालवू नका म्हटलं. पलीकडचा माणूस हसला. म्हणाला, अच्छा, दादाने पाठवलं तुम्हाला? जमीन नेली, आता बंदूकही पाहिजे काय? आणि ठेवून दिला.

घ्या. आता काय करायचं?

अच्युतराव म्हणाले, पोलिसांत कळवू. मी म्हटलं, काहून? सख्खा भाऊ आहे ना तुमचा? तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला खरं वाटणार नाही, आणि ऊन कलून राहिलं. हेडमास्तरांना आयुष्यात कोणी असं बोललं नसेल. कान लाल झाले. मग त्यांनी माझाच फोन ओढून घेतला. बटण क्षमाने दाबलं, स्पीकरसकट.

"पुन्हा तुम्हीच?" रामकृष्ण म्हणाला.

"रामा, मी आहे."

 पलीकडे कुठेतरी पंप चालू होता.

"रामा, ताम्हणात बोल्ट बदलले. तुझा माझ्याकडे आहे, माझा तुझ्याकडे. तू चालवू नको. डोळा जाईल तुझा." अच्युतरावांनी फोन तोंडाजवळ ओढला. "मला नको तुझी बंदूक. काहीच नको."

 मग रामकृष्ण अगदी हळू बोलला. राग गेलेला, नुसता थकलेला आवाज.

"इंदू गेली तेव्हा संध्याकाळपर्यंत उचलू दिली नाही मी तिला. लोक म्हणत होते, कोणाची वाट पाहून राहिले? मी कोणाला सांगितलं नाही."

क्षमाने तोंडावर ओढणी धरली. इंदूकाकू गेल्याचं घरी कळलं होतं, बाबा गेले नव्हते, एवढंच तिला ठाऊक होतं. मी बोल्टकडे बघत बसले. दुसरीकडे कुठे बघणार?

"बोल्ट काढून ठेवतो," रामकृष्ण म्हणाला आणि फोन बंद झाला.

अच्युतराव उठले. चपला घातल्या, एक पाय नीट आत न जाताच, आणि दुकानाबाहेर पडले. मी ओरडले, अहो, रायफल! परवानाधारकाने अशी टाकून जायची असते का? त्यांनी मागे पाहिलं नाही. क्षमा धावली. मी दारात गेले तर ते कोपऱ्यावरच्या ऑटोत बसलेले. ऑटोवाला सांगून राहिला होता, दादाजी, बरगी बहुत दूर है, उतना नहीं जाते. अच्युतराव दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसले होते आणि काही केल्या उतरत नव्हते.