चौकशीच्या खिडकीतला आवाज

घड्याळजींच्या बायकोचा आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा होता. बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून ती तेवीस वर्षं गाड्या पुकारत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली अर्धा तास उशिरा येणार, कुणाचं पोर हरवलं नि कुणाची पिशवी सापडली, सगळं गावाला तिच्याच तोंडून कळायचं. चेहरा मात्र फारसा कुणाला ठाऊक नव्हता. भाजी घेताना "पाव किलो द्या" म्हणाली की भाजीवाला चमकून वर बघायचा आणि म्हणायचा, "अरेच्चा, तुम्ही होय बाई!"

घड्याळजींना याचा मोठा अभिमान. तोंडाने कधी बोलले नाहीत, ते वेगळं. स्टँडसमोरच त्यांचं टीचभर दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांची बंद पडलेली घड्याळं चालू करायची आणि कानाने बायकोचा आवाज ऐकायचा. "ती शिंकली तरी मला इथे कळतं," असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

म्हणूनच एक दिवस ती जेव्हा म्हणाली, "अहो, जाहिरातवाला एक माणूस गाडीची वाट बघत बसला होता. त्याला माझा आवाज आवडला, टीव्हीसाठी बोलाल का म्हणतो," तेव्हा ते लगेच म्हणाले, "मग जा की! कशाची जाहिरात?"

"औषधाच्या दुकानात मिळतं तसलंच काहीतरी आहे," असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्याळजींनी मनाशी धरलं, खोकल्याचं औषध असणार.

महिन्याभराने ती जाहिरात लागली. संध्याकाळची वेळ. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर रोजच्यासारखे बातम्या बघायला आले होते, कारण त्यांच्या घरचा टीव्ही त्या वेळी बायकोच्या मालिकांच्या ताब्यात असे. या घरात अशा वेळी रिमोट घड्याळजींकडे. बायकांच्या पॅडची किंवा आतल्या कपड्यांची जाहिरात त्यांना पहिल्या सुरावरूनच ओळखू यायची आणि पडद्यावर काही दिसायच्या आत त्यांचा अंगठा क्रिकेट लावून मोकळा व्हायचा. बारीक कामाचा हात, कधी चुकला नाही. पण त्या दिवशी पडद्यावर नुसती एक बाई जिना चढत होती. त्यात काय वावगं? अंगठा गाफील राहिला.

आणि आवाज आला: "हसताना, खोकताना, जिना चढताना लघवीचा थेंब गळतो? आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. निदान मला तरी सांगा. पुष्कळ जणींना होतं हे. लाजून घरात बसू नका."

फलाट क्रमांक तीनवर गाडी लागल्याचं सांगणारा तोच आवाज. तोच शांतपणा, शब्दाशब्दात तीच जागा सोडलेली. घड्याळजींनी घाईने बटण दाबलं ते नेमकं चुकीचं. जाहिरात बदलली नाही, आवाज वाढला. मास्तरांनी चष्मा पुसला, उगाच टेबलाखाली चपला शोधल्या आणि हवामानाचा अंदाज न ऐकताच ते उठून गेले.

"हे खोकल्याचं औषध?" घड्याळजींनी विचारलं.

"मी कुठे खोकल्याचं म्हटलं? पण खोकताना म्हणून आहे की त्यात," ती म्हणाली आणि स्वतःच फिस्सकन हसली. घड्याळजी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलंच गिऱ्हाईक काउंटरवर वाकून म्हणालं, "काय घड्याळजी, वॉटरप्रूफ घड्याळ आहे का हो एखादं?" शेजारच्या दुकानांतून खसखस पिकली. संध्याकाळपर्यंत वॉटरप्रूफ घड्याळ मागणारे चौघे झाले. घड्याळजी घरी आले ते तोंड एवढंसं करून.

"पुढच्या वेळी नाही म्हण," जेवताना ते म्हणाले.

"का?"

"लोक हसतात."

"मी काही खोटं बोलले का?"

"खरं असलं म्हणून काय चारचौघांत बोलायचं?"

"तेवीस वर्षं चारचौघांतच बोलतेय मी," ती म्हणाली आणि त्यांना न विचारताच आणखी वाढलं. भांडतानाही त्यांची भूक तिला बरोबर कळायची.

चौथ्या दिवशी मास्तर दुकानात आले. हातात वळणदार अक्षरातलं पत्र, टीव्ही वाहिनीच्या संचालकांना. जेवणाच्या वेळी, लेकीसुनांसमोर, लहान मुलांसमोर असल्या जाहिराती दाखवणं शोभतं का, असा मजकूर. खाली अकरा सह्या, अकराच्या अकरा पुरुषांच्या.

"वैयक्तिक काही नाही बरं का," मास्तर म्हणाले. "तुमची अडचण मी जाणतो. पण तुमचीच सही असली तर वजन पडेल."

"ठेवून जा. उद्या बघतो," घड्याळजी म्हणाले.

त्या दुपारी बायकोचा घरी राहिलेला चष्मा द्यायला ते स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीपुढे रांग होती आणि रांगेत सगळ्या बायकाच. त्यांना नवल वाटलं. ते खांबाआड थांबले. पहिली बाई मोठ्याने म्हणाली, "दोनची गाडी गेली का हो?" आणि मग डोकं खिडकीत खुपसून हळू आवाजात बोलत राहिली. गाडीची वेळ सांगायला इतका वेळ लागत नाही, हे घड्याळजींनाही कळत होतं. तिसरी बाई छत्री तोंडापुढे कलती धरून उभी होती. ऊन नाही, पाऊस नाही, वर पत्रा. पण ती उभं राहायची ढब आणि ती छत्री ते रोज जिन्यात बघत. त्या मास्तरांच्या बायको होत्या. मोठ्याने त्यांनी ज्या गावाची गाडी विचारली, त्या गावाला या स्टँडवरून गाडीच जात नाही.

त्या जाईपर्यंत घड्याळजी खांबाआडून हलले नाहीत. मग चष्मा देताना त्यांनी विचारलं, "किती जणी येतात?"

"आज नऊ."

"आणि तू काय सांगतेस त्यांना?"

"गाडीचीच वेळ," ती म्हणाली. "आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कुठल्या वारी बसतात, तेही."

घड्याळजींनी त्या दिवशी सही केली नाही. नाही असंही मास्तरांना सांगितलं नाही. पत्र ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

आणि दोन दिवसांनी अक्का आली.

अक्का म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यांना तिनेच वाढवलं. साडेतीन तासांच्या अंतरावर राहायची, पण चार वर्षांत तिने या घरचा उंबरठा ओलांडला नव्हता. शेवटची आली तेव्हा नवा सोफा घेतलेला होता. घड्याळजी कौतुकाने "बस ना, बस ना" म्हणत होते आणि ती आपली भिंतीला टेकून उभी. शेवटी चिडून ते म्हणाले होते, "आमचा सोफा टोचतो का तुला, अक्का?" दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निघून गेली. ती रुसली, असं ते धरून चालले होते. ती फोनवर बोलायची, पण यायचं नाव काढायची नाही.

आता ती दुकानातल्या स्टुलावर ऐसपैस बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "परवा टीव्हीवर हिचा आवाज ऐकला. वाटलं, माझ्याकडे बघूनच बोलतेय. तशीच औषधाच्या दुकानात गेले, त्या पॅडचं पाकीट घेतलं आणि आज सकाळी गाडीत बसले."

घड्याळजींनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

"रुसले नव्हते रे मी," अक्का म्हणाली. "त्या दिवशी गाडीतून उतरले तेव्हा ओली होते. तुझा सोफा कोरा करकरीत. कशी बसणार होते?"

"मला सांगायचं होतंस, अक्का."

"तुला? सहा वर्षांचा होईपर्यंत तुझं अंथरूण पहाटे उठून मी धुवायचे, बाबांना कळायच्या आत. पण स्वतःचं सांगायला जीभ रेटली नाही."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. स्टँडवरून बायकोचा आवाज येत होता, पाचची गाडी वीस मिनिटं उशिरा आहे म्हणून.

मास्तर पत्र न्यायला आले तेव्हा अक्का तिथेच होती. घड्याळजींनी ड्रॉवर उघडून कागद परत केला.

"माझी सही नाही मिळायची, मास्तर."

"का बरं? भीड पडते का घरात?"

छत्रीबद्दल एक शब्द बोलले असते तर मास्तरांचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. घड्याळजींनी तो गिळला. "मला ती जाहिरात हवी आहे," एवढंच ते म्हणाले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि कागदाची घडी घालून ते निघाले. पत्र अकरा सह्यांवरच गेलं. त्याचं उत्तर कधी आलं नाही. मास्तर आठवडाभर वर फिरकले नाहीत, मग एका संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला हजर झाले. घड्याळजींनी त्यांना आपल्या शेजारी जागा करून दिली.

अक्का दोन दिवसांसाठी म्हणून आली होती. पाचव्या दिवशीही ती निघायचं नाव घेईना आणि तिचं पाकीट संपलं. भावजय कामावर गेलेली, म्हणून अक्का स्वतःच निघाली, तर घड्याळजी म्हणाले, "तू बस. मी आणतो."

म्हणाले खरे. औषधाच्या दुकानात त्यांनी आधी कंगवा घेतला. मग कापूस. मग एक साबण. गर्दी ओसरली, दुकानदार म्हणाला, "आणखी काही?" तेव्हा कुठे त्यांनी बोटाने फळीवरचं पाकीट दाखवलं.

"साइज कोणता?"

याला साइज असतो, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला, तोंडावर हात धरून विचारलं. तिकडून अक्का एवढ्या मोठ्याने ओरडली की दुकानदाराने उत्तर परस्परच ऐकलं आणि पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. शेजारी उभ्या बाईला हसू आवरेना. घड्याळजींचे कान तापले, पण ते हलले नाहीत.

"दोन द्या," ते म्हणाले. "इतक्यात तिला जाऊ द्यायचं नाहीये."