नारळापासून मोजलेला रस्ता

"मॅडम, चाक घसरलं असेल," गंगाधर म्हणाला, आणि म्हणता म्हणताच आपण खोटं बोलतोय हे त्याला कळलं.

नवी इंजिनिअर ऋता मोजणीचं चाक ढकलत तिसऱ्यांदा रस्त्याच्या तोंडाशी आली होती. परळमधल्या दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा हा टिचभर रस्ता. कागदोपत्री मात्र राज्य महामार्ग! इथल्या चाळींत कुणाला सांगितलं असतं तर लोक हसून बेजार झाले असते.

"माझं चारशे बारा मीटर येतंय आणि रजिस्टरात चारशे नऊ. मुकादम, रस्ता वाढतो का हो?"

तिला राग नव्हता, निव्वळ कुतूहल होतं. गंगाधरला त्याचीच धास्ती वाटली. रागावणाऱ्या साहेबांना त्याने तीस वर्षं सहज गुंडाळलं होतं.

"टेप कुठून धरता तुम्ही?" ऋताने विचारलं.

"नारळ फोडतो ना, तिथनं."

डांबर टाकण्याआधी नारळ फोडायचा आणि तिथूनच टेप लावायची, ही त्याच्या टोळीची रीत. पहिल्या वर्षी रस्त्याच्या अगदी तोंडाशी ललिताबाई फुलांची टोपली घेऊन बसल्या होत्या. नुकत्याच बाळंतपणातून उठलेल्या. त्यांना कुठे उठवायचं, म्हणून गंगाधरने नारळ तीन मीटर पुढे फोडला, आणि पुढे दरवेळी तिथेच. डांबराचे थर चढत गेले. ललिताबाईंची जागा तेवढी वीतभर खाली राहिली. गेल्या आठवड्यात त्या पायरीवरून एका नर्सची स्कूटर आपटली आणि बिचारीचं मनगट मोडलं.

आता काँक्रीट होणार होतं, पण रजिस्टरात जेवढा रस्ता तेवढंच. ऋताने पेन काढलं.

"मग काय लिहू? चाक घसरलं?"

गंगाधरने रस्त्याच्या तोंडाशी टोपली घेऊन बसलेल्या ललिताबाईंकडे पाहिलं. होय म्हटलं की बाईंची जागाही राहणार होती आणि त्याची अब्रूही. ललिताबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"गंगाधर, काँक्रीट झाल्यार माका परत हंय बसूक देतले?"

"नाय, वयनी. देवचे नाय."

"आणि त्या नर्सचो हात?"

"प्लास्टरात आसा."

बाईंनी वेणीचा दोरा दातांनी तोडला. उरलेल्या वेण्या ओल्या फडक्यात बांधल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. टोपलीखाली जुन्या रस्त्याचे काळे दगड होते, घट्ट बसवलेले. ऋता वाकून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मोज तर," ललिताबाई म्हणाल्या. टेपचं टोक त्यांनीच कडेच्या दगडावर दाबून धरलं. गंगाधर टेप सोडत नारळाच्या जागेपर्यंत गेला. त्याचे डोळे भरून आले होते, आकडा धड दिसेना.

"तीन मीटर," तो मोठ्याने म्हणाला. "लिवा मॅडम. चूक माझी, असं पण लिवा."

ऋताने लिहून घेतलं. गंगाधर टेप गुंडाळायला लागला, पण ललिताबाईंनी टोक सोडलं नव्हतं. त्यानेही ओढलं नाही.