ओळख कशावरून पटली

कुरण: सीत्सेचं, कालव्यालगत.
वेळ: १२ मे, सकाळचे दहा.

नोंद करणार: फ्राउके. म्हणजे मी. दरवर्षी इथं माझ्या नवऱ्याचं, वीब्रनचं नाव असायचं. ओळखायचा तो, लिहायचे मी. जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. आता तो माझ्याशेजारी, चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी.

पक्षी: लहान, तपकिरी मादी. कालव्यातून उडाली, उंच गवतात शिरली, बाहेर आलीच नाही. म्हणजे आत अंडी.

जात:

इथं पेन थांबलं. सीत्सेचं कापणीचं यंत्र बांधाशी धडधडत होतं.

"बोला शेजारीणबाई! ते दुर्मिळ भुवई बदक असेल तर अख्खा पट्टा जुलैपर्यंत सोडतो. वीब्रनला शब्द दिलाय. दुसरं काही असेल तर आत्ता कापतो, परवा पाऊस आहे."

"डोळ्यावर फिकट रेघ दिसली."

"ती चक्रांग बदकाच्या मादीलाही असते. तुम्हीच सांगितलंत."

"असते. पण पुसट."

"मग ही पुसट की ठळक?"

"...उडताना दिसली रे."

"अंदाजावर नाही हं! मागे पाण्यात तरंगणाऱ्या लाकडी बुटाला बदक म्हणून लिहिणाऱ्या बाई तुम्ही."

नर दिसला असता तर प्रश्नच नव्हता. पण लव्हाळ्यात काही हलत नव्हतं.

आवाज: खर्रर्र.

माझ्या शेजारून. वीब्रननं खिशातला कंगवा धडधाकट हाताच्या मुठीत धरला होता आणि अंगठ्याचं नख दात्यांवरून ओढत होता.

"केस नंतर विंचर रे, वीब्रन," सीत्से हसला.

पुन्हा खर्रर्र.

आणि लव्हाळ्यातून हुबेहूब तसंच उत्तर: खर्रर्र! पाठोपाठ मालक, म्हणजे नर, स्वतः बाहेर. मान ताठ, डोळ्यावर ती रुंद पांढरी भुवई. माझ्या पाण्यात हा परका कोण, म्हणून बघायला.

सीत्सेनं यंत्र बंद केलं. टोपी काढली.

"च्यायला," तो म्हणाला, "हा तर बोलतोय की!"

मग तो खुणेच्या काठ्या आणायला गेला. वीब्रन डाव्या ओठानं हसला; उजवा अजून येत नाही.

जात: भुवई बदक. जोडी एक.
नोंद करणार: ~~फ्राउके~~ वीब्रन.
ओळख कशावरून पटली: ~~दिसण्यावरून~~ ~~आवाजावरून~~ कंगव्यावरून.
शेरा: पट्टा राखला. सीत्सेचे आभार. एवढ्या लांबून, आफ्रिकेहून, नेमक्या आमच्याच गवतात आल्याबद्दल त्या दोघांचेही. पुढे लिहायला जागा नाही.